पाचवं कावून

त्यांचं नाव मी इथे सांगणार नाही. नाव सांगितलं की काय काय होतं, तेच तर सांगायला बसलो आहे. प्लांटमध्ये सगळे त्यांना चाचा म्हणायचे आणि आमच्या भिलाईत तेवढ्यावरून ज्याला जे समजायचं ते समजतं. चाचा मूळचे भंडाऱ्याजवळच्या पवनीकडचे. लहानपणी वडिलांबरोबर इकडे आले, पण बोली तिकडचीच राहिली. माझं मराठी भिलाईत जन्मलेल्या पोराचं, आईशी बोलण्यापुरतं. उंबरा ओलांडला की हिंदी. चाचा मात्र रागावले तरी मराठीतच रागावायचे. मी मराठी एका मुसलमानाकडून शिकलो असं लग्नकार्यात सांगितलं की नातेवाईक हसायचे, आणि मीही त्यांच्यात हसून घ्यायचो. का हसतोस, हे तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

विचारणारे चाचाच होते, पण त्यांची पाळी उशिरा आली.

झालं असं की आमच्या मेंटेनन्स सेक्शनला एकदा बाहेरून एक साहेब शिकवायला आले. मशीन बिघडलं की एकदा 'का' विचारून थांबू नका, पाच वेळा विचारा, म्हणजे खरं कारण हाती लागेल, एवढीच त्यांची शिकवण होती. ती त्यांनी दोन तास पुरवली. आम्ही समोसे खाल्ले, पंख्याखाली डुलक्या काढल्या आणि हजेरीवर सह्या करून बाहेर पडलो. चाचा मात्र कुणी कानात मंत्र फुंकल्यासारखे बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून आमची सुटका नव्हती.

पहिला बळी मी. नवाच लागलो होतो. एका पंपाचं बेअरिंग जळलं. चाचा उकिडवे बसले, बेअरिंग हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "कावून जळलं?" कावून म्हणजे त्यांच्या बोलीत 'का'. ग्रीस पोचलं नाही, मी म्हणालो. कावून नाही पोचलं? नळी चोंदली होती. कावून चोंदली? साफ केली नव्हती. मग साफ केली अशी रजिस्टरवर सही कावून आहे? ती सही माझी होती. शेवटी खरं ते सांगून टाकलं, की नळी साफ करायला निघालो तेवढ्यात चहा आला. चाचा जराही रागावले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी लिहिलं: कारण, चहा. उपाय, चहाच्या आधी नळी.

हे लिहायचं त्यांचं स्वतःचं रजिस्टर होतं, कंपनीच्या रजिस्टरशी त्याचा संबंध नव्हता. लाल कापडी पुठ्ठ्याचं, कडेला ग्रीसचे डाग पडलेलं. बिघाड, कारण, उपाय आणि शेवटी 'तपासलं' असे चार रकाने. शेवटच्या रकान्यात खूण झाल्याशिवाय चाचांच्या लेखी कोणतंही काम संपलेलं नसे. त्यात पंप आणि गिअरबॉक्स असायचेच, पण चाचीने अबोला धरला तर तोही बिघाड म्हणून नोंदवलेला असायचा. पहिलं उत्तर नेहमी दुसऱ्याच्या घरचं असतं, असं ते म्हणायचे. मग ते हळूहळू आपल्या गल्लीत येतं, आणि पाचवं आपल्याच दारात येऊन बसतं. म्हणून माणसं तिसऱ्या 'कावून'ला चिडतात.

आमच्या सेक्शनमध्ये एक वयस्कर सहकारी होते, स्वभावाने देवमाणूस, पण जेवताना चाचा शेजारी बसले की आपला डबा वीतभर सरकवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं की चाचांच्या पोटात अल्सर आहे आणि त्यांच्या डब्यात वर्षानुवर्षं दुधीभोपळ्याची बिनतिखट भाजी आणि दोन फुलके याशिवाय काही नसतं. दुधीला कोण घाबरतो? हे घाबरायचे. चाचांनी त्यांना शब्दाने दुखावलं नाही. फक्त ते वीतभर सरकले की चाचाही वीतभर सरकायचे, गप्पा मारत, अगदी मायेने. आठ माणसांचा बेंच होता. सोमवारी सुरू झालेला हा प्रवास शुक्रवारी बेंचच्या टोकाला पोचला आणि देवमाणूस वरणासकट खाली गेले. चाचांनीच हात देऊन उठवलं, पँट झटकून दिली आणि कावून पडले ते विचारलं. जागा कमी पडली, ते म्हणाले. चाचांनी रजिस्टर काढून गंभीरपणे नोंद केली: बेंचचा दोष नाही.

क्रिकेटची मॅच पाकिस्तानशी असली की रेस्ट रूममध्ये टीव्ही लागायचा. विकेट पडली की दहा माणसं आधी चाचांच्या तोंडाकडे बघायची आणि मग टाळ्या वाजवायची. त्यांनी दोन-तीन वर्षं हे सोसलं. एकदा त्यांनी सरळ खुर्ची उचलली, टीव्हीखाली ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसले. कुणीतरी विचारलं, चाचा, मॅच नाही बघत? ते म्हणाले, तुम्हाला मलाच बघायचं आहे तर नीट बघा, मान कशाला दुखवून घेता. त्या दिवशी सामन्यात काय झालं ते आमच्यापैकी कुणालाच धड आठवत नाही.

आणि एक वाक्य त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं. नवा माणूस भेटायचा, दोन घटका गप्पा व्हायच्या आणि मग कौतुकाने म्हणायचा, "चाचा, तुमी तसे वाटतच नाई." चाचाही तेवढ्याच कौतुकाने उत्तर द्यायचे, "तुमीबी तसे वाटत नाई." समोरचा घरी जाऊन दोन दिवस विचार करत बसायचा की आपण कसे वाटत नाही.

बिर्याणीचा तगादा मात्र सगळ्यांचा असे. डबा सरकवणाऱ्या देवमाणसाचा तर सर्वांत जास्त. ईद जवळ आली की सेक्शनभर एकच विषय. चाचा म्हणायचे, खाऊ घालीन, रिटायर झाल्यावर घालीन, माझ्या स्वतःच्या घरी बसवून घालीन. तेव्हा ते सेक्टर 10च्या क्वार्टरमध्ये राहत होते आणि रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, हा सगळ्यांना लागू असलेला नियम. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. चाची आणि ते, दोघंच. दोन खोल्या मिळाल्या की झालं, असं ते म्हणायचे. निम्मं दुर्ग-भिलाई आम्हा प्लांटवाल्यांच्या घरांनी भरलेलं, आणि अर्ध्या घरांवर 'किराए से देना है' अशी पाटी. दोन खोल्यांना काय तोटा, असं मलाही वाटायचं.

रिटायर व्हायला सहा महिने उरले तसे चाचा घर शोधायला लागले आणि त्यांचं रजिस्टर भराभर भरायला लागलं.

फोनवर तर सगळीकडे नुसता आनंद असायचा. चाचांचं मराठी ऐकून घरमालक विरघळायचे. भंडाऱ्याकडचे का? अरे वा, आपलेच. खाण्यापिण्याचं कसं? दुधीची भाजी आणि फुलके. दारू, तंबाखू? कधीच नाही. एका घरमालकाने विचारलं, देवाधर्माचं काही करता की नाही, कारण आमच्या घरात धार्मिक वातावरण आहे. चाचा म्हणाले, करतो ना, दिवसातून पाच वेळा. घरमालक इतका खूश झाला की त्याने बायकोला हाक मारून ते सांगितलं. नाव कुणी विचारायचं नाही, आणि विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं नाही, एवढाच चाचांचा नियम. खोटं एक अक्षर नाही. नाव यायचं ते भाडेकरूचा फॉर्म भरताना. मग घरमालकाचा मुलगा पुण्याहून परत यायचा.

दरवेळी मुलगाच परत यायचा. कुणाचा पुण्याहून, कुणाचा बंगलोरहून. नोकरी सोडून, बायको घेऊन, अचानक, त्याच आठवड्यात. चाचा आम्हाला सांगायचे की माझ्या पायगुणाने भिलाईतल्या आईबापांची म्हातारपणाची सोय होऊन राहिली आहे, कुणी मला हार तरी घाला. आम्ही पोट धरून हसायचो. ते हसवत असत, त्यामुळे आम्हाला हसणं सोपं जायचं.

त्यातला एक घरमालक मला विसरता येत नाही, कारण चाचांनी मला बरोबर नेलं होतं. नकाराला महिना झाल्यावर ते पेढ्यांचा डबा घेऊन त्याच्या घरी गेले. फाटकावर 'किराए से देना है' ची पाटी तशीच लटकत होती. चाचा म्हणाले, मुलगा आला ना, त्याला भेटायला आलो. घरमालकाने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या बायकोने आतून विचारलं की कोण मुलगा. चाचांनी पेढा पुढे केला. घरमालकाने तो घेतला आणि हातात धरून ठेवला. त्याला खाताही येईना, खाली ठेवताही येईना. परतताना स्कूटरवर मी हसून हसून बेजार झालो. चाचा चालवत होते, त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. मग म्हणाले की चाची आता सामान बांधायचं म्हटलं की रडते, तेव्हा हे हसणं घरी नेता येत नाही.

आता माझं सांगतो. लांबवत होतो.

बोरसीला माझं घर आहे. खाली आम्ही, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची. वरचे भाडेकरू त्याच उन्हाळ्यात बदली होऊन गेले होते. हे सेक्शनमध्ये सगळ्यांना माहीत होतं, चाचांनाही. ते मला काही म्हणाले नव्हते. पण ते काही म्हणत नाहीत याचाच मला ताप झाला होता. कँटीनमध्ये ते समोर येऊन बसले की आता विचारतील, आता विचारतील, असं वाटून मी अर्धा डबा तसाच बंद करून उठायचो. शेवटी एका दुपारी, कुणी विचारलेलं नसताना, मीच म्हणालो, "चाचा, आमचा वरचा माळा लय गळते. छतच खराब झालं. कोनाले देता नाई येत."

चाचांनी मान हलवली. कोणत्या बाजूला गळतं ते विचारलं. मी म्हणालो, सगळीकडेच.

माणसाने खोटं बोलावं, पण मेंटेनन्सवाल्याशी बिघाडाचं खोटं बोलू नये, हे मला पंधरा वर्षं त्याच खात्यात काढून कळायला हवं होतं. त्याच रविवारी सकाळी सातला चाचा माझ्या दारात हजर. स्कूटरच्या पायाशी बादली, बादलीत थापी, सिमेंटची पिशवी, चिंध्या आणि दोरी. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून ते सरळ गच्चीवर गेले. छत कुठे गळतं ते बघायची आमची एक पद्धत आहे: पाणी जायची भोकं बुजवायची, गच्ची घोटाभर पाण्याने भरायची आणि दोन दिवस सोडून द्यायची. जिथे दोष असेल तिथे खाली ओल उमटते. मी म्हणालो, चाचा, राहू द्या, उन्हाळ्याचे दिवस, पाण्याची बोंब आहे. ते म्हणाले, तुझ्या घरात पाणी शिरलं तर मला झोप लागेल का?

मे महिन्यात गच्चीचा तलाव करणारा माणूस कोण, हे बघायला गल्ली गोळा झाली. चाचा वरूनच सगळ्यांशी बोलत होते. समोरच्या किराणावाल्याचा बोअर बंद होता, तो त्यांनी मधल्या वेळात जाऊन चालू करून दिला. कोपऱ्यावरच्या रेल्वेतल्या आजोबांशी तुमसरच्या गाड्यांवरून अर्धा तास गप्पा. लोकांनी मला विचारलं, कोण हे? मी म्हणालो, हमारे चाचा हैं. सगळ्यांना वाटलं, माझ्या वडिलांचे भाऊ. किती गुणी माणूस आहे तुमच्या घराण्यात, असं किराणावाल्याची बायको आईला सांगून गेली. हे सगळे ते लोक, ज्यांच्या भीतीने माझं छत गळत होतं.

मंगळवारी संध्याकाळी चाचा पुन्हा आले. वरच्या दोन्ही खोल्यांत फिरले, भिंतींना तळहात लावला, छताला टॉर्च मारला. खाली येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि रजिस्टर उघडलं. आई चहा घेऊन आली. आमच्याकडे चाचांचा एक वेगळा कप होता, निळ्या फुलांचा, चिनी मातीचा. बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले. तो कप फळीवर एकटा राहायचा. पाहुण्याला चांगला कप, असं आई म्हणायची, आणि चाचा दरवेळी त्या फुलांचं कौतुक करायचे. माझी आईही काही धुतल्या तांदळाची नव्हती, एवढंच मला म्हणायचं आहे.

"दोन दिवस पानी उभं होतं," चाचा म्हणाले, "एक थेंब नाई उतरला. छत गळते असं तू कावून म्हटलं?"

मी गेल्या दोन रात्री याचीच तयारी करत होतो, तरी तोंडातून निघालं ते पहिलंच उत्तर. आईला चालणार नाही.

आई तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मले कोनं इचारलं?"

तिने चहा टेबलावर ठेवला. ती म्हणाली, लहानपणी आम्ही साकोलीला मोहरमच्या सवारीपुढे नारळ फोडत होतो, तुला ते माहीत तरी आहे का? मला एका शब्दाने विचारलं असतं, मग मी नाही म्हटलं असतं तर म्हटलं असतं, पण माझं नाव तू परस्पर कसं लावलं? चाचांनी पहिली ओळ लिहिली आणि तिच्यावर काट मारली. मग कावून?

गल्लीतले लोक, मी म्हणालो. कोण काय बोललं? कुणीच नाही, पण बोलतील. कावून बोलतील? मी म्हणालो, चाचा, तुम्हाला ठाऊक आहे, वातावरणच तसं झालंय. आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर काय काय येतं, त्या लोकांना घरं देऊ नका, आज एक येतो, उद्या दहा येतात. आईसमोर हे वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. चाचांनी हात पुढे केला, मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वर-खाली सरकवलं. तो मेसेज त्यांना सापडला. त्याच्याखाली आठ अंगठे होते. एक माझा.

"हा अंगठा कावून देला?"

खरं उत्तर मला माहीत होतं. सगळ्यांनी दिला म्हणून दिला. न वाचता दिला, चहा आला म्हणून नळी न बघता सही केली होती तसा. पण पंपासमोर उकिडवं बसून चहा म्हणणं सोपं होतं. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, त्याच्यासमोर हे म्हणण्याऐवजी मी फोन परत घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

आई फळीकडे गेली, वरची चावी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. भाऊ, तुम्ही या राहायला, असं तिने सांगितलं. चाचांनी चावी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. वहिनी, मला घर मिळालं, ते म्हणाले. नंदिनी नगरच्या रस्त्यावर एका जुन्या सोबत्याचं घर आहे, चावी मागच्या आठवड्यातच घेतली. लांब आहे, चाचीला दवाखान्यात आणायचं म्हणजे अर्धा दिवस जाईल, पण मालकाला मुलगा नाही, त्यामुळे परत यायची भीती नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तुले घर मांगतलं होतं का? तू गळते म्हटलं म्हनून आलो, बावा."

म्हणजे ते खरोखर छत दुरुस्त करायला आले होते.

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. त्यांना घर मिळालं हे ऐकताच मला हायसं वाटलं. आईसमोर, चावी टेबलावर असताना, माझा जीव भांड्यात पडला. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण चाचांनी मान खाली घालून पाचव्या ओळीत काहीतरी लिहिलं. मला वाचू दिलं नाही. 'तपासलं'च्या रकान्यात मात्र खूण केली नाही, हे मी उलट्या बाजूनेही पाहिलं. निघताना पाणी सोडून दिलं, भोकांतल्या चिंध्या काढल्या, आणि बादली जिन्याखाली ठेवून गेले.

रिटायर झाल्यावर त्यांनी शब्द पाळला आणि सेक्शनला बिर्याणीला बोलावलं. नंदिनी नगर लांब पडतं, असं बऱ्याच जणांच्या लक्षात आलं. पोचलो आम्ही दोघं: मी, आणि डबा सरकवणारे देवमाणूस. ते चाचांना खेटून बसले आणि तीनदा वाढून घेतलं. चाचा स्वतः दुधी खात होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला तेव्हा माझ्या मनावरचं ओझं जरा हललं, पण उतरलं नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात एका रविवारी चाचा यायला लागले. तपासणी बाकी आहे, म्हणायचे. जिन्याखालची बादली काढायची, गच्ची भरायची, मंगळवारी येऊन भिंतींना हात लावायचा. मग रजिस्टर उघडून माझ्याकडे बघायचं आणि मिटायचं. दोन वर्षं असं झालं. वरच्या खोल्या रिकाम्याच होत्या. कुणी विचारायला आलं की मी काही ना काही सांगून परत पाठवायचो. पहिल्या वर्षी चाचांना चहा आला तो स्टीलच्या पेल्यात. त्यांनी विचारलं, माझा फुलांचा कप कुठे? फुटला, आई म्हणाली. कावून फुटला? आई म्हणाली, "मीच फोडला." तिच्या नावाने काही नोंद असेल तर त्या दिवशी तिच्यावर खूण झाली असणार.

तिसऱ्या वर्षी मी कंबर कसली. एका खाजगी दवाखान्यातली नर्स आपल्या आईला घेऊन घर शोधत फिरत होती. मुसलमान. तिच्या तोंडावरूनच कळत होतं की बरेच मुलगे परत आले आहेत. मी तिला वरचा माळा दिला. त्याआधी गल्लीच्या ग्रुपवर तिचं पूर्ण नाव लिहून टाकलं, की अमुक अमुक आमच्याकडे राहायला येत आहेत. पाठवण्याआधी तीनदा लिहून पुसलं, खोटं कशाला बोलू. दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. रेल्वेवाले आजोबा म्हणाले, घरी येऊन इंजेक्शन देईल का ते विचारून ठेव.

उन्हाळ्यात चाचा आले, बादली घेऊन वर गेले आणि लगेच खाली आले. गच्चीवर तांदळाचे पापड वाळत होते आणि त्या मुलीने त्यांना हुसकावून लावलं होतं. "अंकल, पापड़ सूख रहे हैं, पानी-वानी कुछ नहीं," एवढं मला खालपर्यंत ऐकू आलं. चाचांचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. तिचं नाव काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं, माझं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं. मी छाती पुढे काढून उभा होतो. तीन वर्षं मी या खुणेची वाट बघत होतो.

"तिले घर कावून देलं?" चाचांनी विचारलं.

रिकामं होतं म्हणून, मी म्हणालो. रिकामं तर तीन वर्षं होतं, ते म्हणाले, तिलाच कावून? तेव्हा मला भरून आलं आणि मी बोलून टाकलं, "तुमच्यासाठी, चाचा. तुमाले नाई देलं, ते मनात सलत होतं."

चाचांनी पेनला टोपण लावलं.

"म्हंजे तिले नाईच देलं. मलेच देलं," ते म्हणाले. "तिले घर पाह्यजे होतं, एवढं पुरत नव्हतं का?"

मला संताप आला. दोन शेजारी तोडले, ग्रुपवर नाव टाकलं, आणि या माणसाचं अजून समाधान नाही. आता काय करू म्हणता, मी जरा आवाज चढवूनच विचारलं. चाचा हसत होते. पाठीवर हात ठेवून म्हणाले, काही नको करू, छत चांगलं आहे तुझं, पुढच्या उन्हाळ्यात येतो. मग पापडांतला एक मागून घेतला आणि स्कूटरला किक मारली.

परवा वरच्या मुलीने जिन्यात थांबवून मला विचारलं की अंकल, बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं, तुम्ही आम्हाला घर कसं काय दिलं? मी म्हणालो, तुम्हाला घर हवं होतं म्हणून. उत्तर बरोबर होतं. ते माझं होतं की चाचांचं पाठ केलेलं, ते मला त्या क्षणी ठरवता आलं नाही, आणि आजही येत नाही. उन्हाळा लागला आहे. बादली जिन्याखाली आहे, आणि या रविवारी गच्चीवर पापड घालू नकोस असं मी तिला सांगून ठेवलं आहे.